सगळं खाजगी केलं तर जतच्या माणसासाठी कोण बोलणार?

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी सांगलीत कॉलेजला आहे, तिला वादविवाद स्पर्धेला विषय आलाय की टीव्ही आणि रेडिओ सार्वजनिक असावेत की पूर्ण खाजगी. तिचं म्हणणं असं, काका, पेपर सगळे खाजगीच आहेत ना, मग रेडिओ-टीव्हीवरच सरकारनं पैसा कशाला घालायचा, विकून टाकायचं सगळं, ज्याला चालवायचंय तो चालवेल, आणि तसंही आता दूरदर्शन लावतंय कोण. तिनं दोन ओळी मागितल्या होत्या पण हे दोन ओळीत बसणारं नाही, म्हणून सवडीनं लिहितोय. मी 1993 ला आकाशवाणीवर कॅज्युअल अनाउन्सर, म्हणजे ड्युटीपुरता निवेदक, म्हणून सुरुवात केली, मग एका लोकल केबल चॅनेलच्या बातम्या केल्या, नंतर आठ वर्षं खाजगी एफएमला होतो, त्यातली शेवटची तीन वर्षं सेल्सला, म्हणजे जाहिराती विकायला, आणि आता गावाजवळच्या संस्था चालवतात त्या कम्युनिटी रेडिओच्या पोरापोरींना आवाज आणि एडिटिंग शिकवतो. त्यामुळं जे सांगतोय ते आकाशवाणी, खाजगी आणि कम्युनिटी अशा तिन्हीकडं काम करून दिसलेलं सांगतोय.

उत्तर आधीच देऊन टाकतो. खाजगी असावंच, आत्ता आहे त्यापेक्षा जास्त मोकळं असावं, पण पूर्ण खाजगी नको. आणि सार्वजनिक म्हणजे सरकारी नव्हे, हे पहिल्या मिनिटात बोल नाहीतर समोरची टीम तुला तिथंच अडकवेल. गावची विहीर गावाची असते, सरपंचाच्या नावावर नसते. आपल्याकडं गोंधळ असा झालाय की विहीर गावाची म्हणायची आणि दोर कायम सरपंचाच्या हातात ठेवायचा.

पेपरचं उदाहरण सगळेच देतात म्हणून ते आधी घेऊ. पेपर कुणीही काढू शकतो, कागद आणि मशीन असलं की झालं, एकाचा निघाला म्हणून दुसऱ्याचा अडत नाही. रेडिओचं तसं नाही. एफएमची पट्टी 88 ते 108 मेगाहर्ट्झ एवढीच, त्यात जवळजवळ दोन स्टेशनं बसवली की एकमेकांत घुसतात, म्हणजे जागा मोजकी आणि ती कुणीतरी वाटूनच द्यावी लागते. याच मुद्द्यावर 9 फेब्रुवारी 1995 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. वाद क्रिकेटचा होता, 1993 च्या हिरो कपचं प्रक्षेपण दूरदर्शनशिवाय दुसऱ्या कुणाला देता येतं का यावरनं क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल आणि केंद्र सरकार कोर्टात गेले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि जीवन रेड्डी यांचं खंडपीठ. त्यांनी सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी चालणार नाही, पण म्हणून त्या ज्याच्याकडं पैसा त्याच्या ताब्यात द्या असंही नाही, सरकारपासून स्वतंत्र अशी सार्वजनिक यंत्रणा त्यावर असावी. स्पर्धेत बोलताना लोक या निकालाचं निम्मंच वाक्य सांगतात, मक्तेदारी गेली एवढंच. तू दोन्ही निम्मे सांग.

आणि पहिला प्रयोग खाजगीचाच होता हे पण सांग, फारसं कुणाला माहीत नसतं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाची खाजगी कंपनी होती, तिच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन 23 जुलै 1927 ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विननं केलं. तोच आयर्विन, ज्याच्या नावाचा आपल्या सांगलीतला कृष्णेवरचा पूल आहे. पूल झाला 1929 ला आणि अजून उभा आहे, कंपनी मात्र 1930 च्या मार्चमध्ये बुडाली. कारण साधं होतं. लायसन्सचे वर्षाला 10 रुपये, सेट महाग, ते घेणारी माणसं देशात काही हजार, त्यात खर्च निघेना. एप्रिल 1930 पासून सरकारनं ते चालवायला घेतलं, 1936 ला त्याचं ऑल इंडिया रेडिओ झालं. म्हणजे सरकारनं कुणाचा चालता धंदा हिसकावला नाही, ज्यात नफा नव्हता ते उचललं. नफा नाही तिथं कोण जाणार हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आता माझा अनुभव. एफएमला सेल्सला गेलो तेव्हा ऑफिसच्या भिंतीवर सांगली जिल्ह्याचा नकाशा होता. सांगली-मिरज-कुपवाड लाल पेनानं गोल केलेलं, इस्लामपूर, विटा, तासगाव यांच्यावर खुणा, आणि उजवीकडचा सगळा भाग, कवठेमहांकाळच्या पुढचा, जत, वरती आटपाडी, तिथं एक टाचणी पण नाही. मी नवीन होतो, साहेबांना विचारलं की इकडचं काय. ते चांगले माणूस होते, चिडले नाहीत, म्हणाले तिकडं आपला सिग्नल जात नाही, आणि गेला तरी तिथनं दहा सेकंदाचा जाहिरातीचा स्पॉट कोण देणार. खरं होतं ते. लायसन्समध्ये पॉवर ठरवून दिलेली असते, ती वाढवता येत नाही. पण जतसाठी वेगळं स्टेशन टाकावं असंही कुठल्या कंपनीला वाटत नाही, कारण सोन्याचं दुकान, बिल्डर, क्लासेस, टू-व्हीलरचं शोरूम हे चौघं जिथं नाहीत तिथं एफएम चालत नाही. माझ्या तोंडचं नको असेल तर लिलावाचा आकडा बघ. 2016 च्या लिलावात 92 शहरांतल्या 266 फ्रिक्वेन्सी मांडल्या होत्या, त्यातल्या फक्त 66 गेल्या, बाकीच्या 200 ला गिऱ्हाईकच नाही. ही शहरं होती बरं का, खेडी तर यादीतच नव्हती. खाजगी माणूस वाईट असतो असं मी अजिबात म्हणत नाही, मी त्यांचा पगार घेतलाय आणि त्यांनी तो वेळेवर दिलाय. पण त्यांच्या दृष्टीनं ऐकणारा हा गिऱ्हाईक नसतो, गिऱ्हाईक जाहिरात देणारा असतो, ऐकणारा हा त्याला विकायचा माल असतो. हे एकदा कळलं की पुढचं सगळं उलगडतं.

तासाचं क्लॉक, म्हणजे तासाभरात कधी काय लागणार याचं वेळापत्रक, कसं भरतात ते सांगतो. गाणी ठरलेली, दोन-तीनशे गाण्यांची यादी फिरवून फिरवून, मध्ये स्पॉट, आणि आरजेची लिंक, म्हणजे त्याचं मधलं बोलणं, चाळीस सेकंद, फार तर मिनिटभर. त्याच्या पुढं बोललास की प्रोग्रॅमिंग हेडचा फोन. रात्रीचे शो बऱ्याच छोट्या स्टेशनांना दुसऱ्या शहरातनं येतात, कारण इथं रात्री माणूस बसवणं परवडत नाही. मी चाळीस सेकंदात चांगलं बोलायला शिकलो ते तिथंच, त्याची किंमत आहेच, आकाशवाणीवर लोक उगाच लांबण लावतात ते मला अजून खटकतं. पण चाळीस सेकंदात हळदीची कंदकूज, म्हणजे जमिनीतला गड्डा कुजायचा रोग, सांगता येत नाही.

कंदकुजीचं का म्हणतोय ते ऐक. 1990 च्या दशकातली गोष्ट, शेतीच्या कार्यक्रमासाठी आम्ही कसबे डिग्रजला गेलो होतो, तिथं हळदीचं संशोधन केंद्र आहे. श्रावण सरत आलेला, पाऊस उघडत नव्हता. खांद्याला टेपरेकॉर्डर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शास्त्रज्ञ साहेब एका शेतकऱ्याच्या रानात गेले, कडेनं पिवळी पडलेली पानं दाखवली, मग झाडाचा बुंधा धरून नुसता ओढला तर अलगद हातात आला, खालचा गड्डा बोटानं दाबला तर पचकन पाणी निघालं आणि असा वास सुटला की माईक धरलेला हात मी मागं घेतला. साहेब सांगायला लागले, निचरा ठेवा, चर काढा, बेणं निरोगी वापरा, लावायच्या आधी बेणेप्रक्रिया करा. शेतकरी म्हातारा गडी, इतका वेळ माईकला बुजून गप्प होता, तो मध्येच म्हणाला, साहेब तुमच्या प्लॉटात पाणी तुंबत नाय, माझ्या वरच्या वावरातनं समद्यांचं पाणी माझ्यात येतंय, मी चर काढून ते सोडू कुणाच्यात? साहेब थांबले. बराच वेळ थांबले. मग दोघं बांधावर बसले आणि वरच्या-खालच्या पाच जणांनी मिळून एकच चर ओढ्यापर्यंत कसा काढायचा यावर बोलत राहिले, मी टेप बंद केली नाही.

परत येऊन एडिटिंगला बसलो. तेव्हा स्पूलची टेप ब्लेडनं तिरपी कापून चिकटवायची. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, वेळ अकरा मिनिटांचा. त्यातला साहेबांचा तो थांबण्याचा तुकडा, सहा-सात सेकंदाची शांतता, मी कापायला निघालो तर आमचे प्रोग्रॅमचे साहेब म्हणाले ती राहू दे, ऐकणाऱ्याला कळू दे की प्रश्न अवघड होता. खाजगीत सहा सेकंद शांतता म्हणजे डेड एअर, खुलासा द्यावा लागतो. कार्यक्रम गेल्यावर पोस्टकार्डं आली, आणि एकानं तर कुजका गड्डा प्लॅस्टिकमध्ये बांधून एसटीनं पाठवून दिला, की हे तेच आहे का बघा. त्या अकरा मिनिटांना एकही प्रायोजक नव्हता. कुठली औषध कंपनी देणार, कार्यक्रमात औषध विकत घ्या असं कुणी म्हटलंच नव्हतं, चर काढा म्हटलं होतं.

हे काही माझ्याच वेळचं नाही. 1956 ला आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला, पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं, त्यात उत्तर सातारा पण होता. गावात वीसेक माणसं एकत्र बसून अर्धा तास कार्यक्रम ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची, काय करायचं ते ठरवायची आणि शंका परत केंद्राला कळवायची. दहा आठवडे, आठवड्यातनं दोनदा. त्याचा अभ्यास पुढं जगभर वाचला गेला. बाजारात असला कार्यक्रम कुणी विकत घेणार नाही, तरी तो करावा लागतो.

एवढं वाचून तुला वाटेल काका आकाशवाणीचेच. तसं नाही, तिथलं पण सांगतो, आणि हे स्पर्धेत लपवू नकोस, समोरच्यानं काढायच्या आधी आपणच काढायचं.

एकट्या सरकारच्या हातात दिलं की काय होतं याचा इतिहास लांबचा नाही. 1952 ला बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री झाले, आपलाच मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा खरा जाणकार. त्यांनी कलाकारांच्या ऑडिशनची, ग्रेडची पद्धत बसवली, ती चांगली झाली, आपल्या मिरजेतल्या, छोट्या गावातल्या कलाकारांना त्यातनं कायमचं व्यासपीठ आणि मानधन मिळालं. पण त्याच माणसानं सिनेमाची गाणी जवळजवळ बंद करून टाकली, कारण त्यांना ती हलकी वाटायची. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढावी लागली. एका माणसाची आवड, मग ती कितीही चांगली असो, सगळ्या देशावर लादता येत नाही. आणीबाणीत तर विचारूच नको, 1976 ला किशोर कुमारची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरनं गायब झाली कारण ते सरकारच्या मनासारखं गायला आले नाहीत. बातम्यांचं काय झालं असेल ते यावरनं समज.

आणीबाणीनंतर वर्गीस समिती नेमली, तिनं 1978 ला सांगितलं आकाशवाणी-दूरदर्शन स्वायत्त करा. कायदा झाला 1990 ला, त्यातनं या दोन्हींसाठी प्रसार भारती हे महामंडळ. आणि अंमलात आला कधी, तर सप्टेंबर 1997 ला. सात वर्षं कायदा नुसता पडून होता, मधली सगळी सरकारं, सगळ्या पक्षांची, कुणालाच घाई नव्हती. अंमलात आल्यावरही पैसा मंत्रालयातनं, मोठ्या नेमणुका तिकडनंच. म्हणजे नावाला स्वायत्त.

मी एका केंद्रावर असताना, नाव नको, श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम करायचो. एका गावाहून पत्र आलं होतं की टँकर तीन आठवडे आला नाही, अक्षर पोरीचं, बहुतेक आईनं सांगून लिहून घेतलेलं. त्या आठवड्यात मंत्र्यांचा दौरा होता. पत्र काढून ठेवा असं सांगण्यात आलं, लेखी काही नाही, नुसतं सांगण्यात आलं. मी ते वाचलं नाही. मला अजून त्याचा त्रास होतो. आणि तोंड तरी काय उघडणार, मी कॅज्युअल, महिन्याला सहा ड्युट्या, त्या सहाच्या पाच झाल्या की घरात कळायचं. कायमची भरती वर्षानुवर्षं नाही, केंद्रं कॅज्युअल माणसांवर चालतात, आणि ज्याची ड्युटी पुढच्या महिन्यात लागेल का नाही हे माहीत नाही तो कुणाला काय नाही म्हणणार. स्वायत्तता कायद्याच्या पुस्तकात जेवढी असते तेवढीच ती ड्युटी चार्टवर असते.

केबलच्या बातम्या करताना असंच झालं. एका दवाखान्याच्या बिलावरनं भांडण झालेलं, बातमी तयार, बाइट तयार, तो दवाखाना आमचा वर्षाचा जाहिरातदार निघाला, बातमी लागलीच नाही. म्हणजे दोन्हीकडं तोंड दाबलं जातं, पण दोन वेगळे हात दाबतात. म्हणूनच दोन्ही पाहिजेत. टँकरचं पत्र कदाचित त्या केबलवाल्यानं दाखवलं असतं आणि दवाखान्याचं भांडण कदाचित आकाशवाणीनं सांगितलं असतं. सगळं एकाच प्रकारच्या मालकाकडं दिलं की एका प्रकारच्या बातम्या सगळीकडनंच गळतात, तो मालक मंत्रालय असो की जाहिरातदार.

2019 चा पूर तू शाळेत असताना बघितलास. आयर्विन पुलाला इशारा पातळी 40 फूट, धोका 45, आणि पाणी गेलं 57 च्या वर. सगळ्या देशाचे चॅनेल आले, गाड्या लागल्या, गुडघाभर पाण्यात उभं राहून रिपोर्टर ओरडत होते. ते आले हे बरंच झालं, नाहीतर दिल्लीला आपली दखल लागली नसती. पण भिलवडीच्या माणसाला त्या वेळी काय पाहिजे होतं? कोयनेतनं किती क्युसेक सोडलंय, बहे पुलाला पातळी किती, ताकारीला किती, म्हणजे ते पाणी आपल्याकडं किती तासानं येणार, आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातनं पुढं किती जातंय. चार आकडे. कृष्णाकाठची म्हातारी माणसंसुद्धा या चार आकड्यांवरनं सांगतात की उंबऱ्याला पाणी कधी लागणार. हे आकडे राष्ट्रीय चॅनेलला चालत नाहीत कारण नागपूरच्या प्रेक्षकाला त्याचं काय. आमच्या भागात दुसऱ्या दिवशी लाइट गेली, केबल गेली, मग मोबाइलचा टॉवर पण गेला. माळ्यावरचा ट्रान्झिस्टर काढला, दोन सेल टाकले, मिडियम वेव्हला काटा फिरवून सांगली केंद्र लावलं. 1251 किलोहर्ट्झ. शेजारची तीन घरं आमच्या जिन्यात येऊन बसली.

"आता सगळं मोबाइलवर आहे" याला माझं उत्तर तो जिना आहे. मोबाइलला टॉवर लागतो, टॉवरला लाइट किंवा डिझेल लागतं. मिडियम वेव्हची लहर जमिनीला धरून लांब जाते, एक ट्रान्समीटर चालू असला की जिल्हाभर ऐकू येतो, ऐकणाऱ्याचा नंबर कुठं नोंदवावा लागत नाही, डेटा संपत नाही. हा ट्रान्समीटर वर्षातले 360 दिवस तोट्यातच चालणार. फायर ब्रिगेडची गाडी पण रोज नुसती उभीच असते.

टीव्हीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथलं गणित तेच आहे, फक्त पैसा मोठा. टीआरपी मोजायची मीटरं सगळ्या देशात पन्नास-साठ हजारांच्या आसपास घरांत, त्यावरनं ठरतं की काय चालतंय, आणि कुठल्या चॅनेलला जाहिरात किती रुपयाला. त्या मीटरमध्ये आटपाडीचा मेंढपाळ किती असेल तू सांग. तरीही खाजगी चॅनेल आले म्हणून मराठी मालिका, नाटकवाले, टेक्निशियन यांना काम मिळालं, सांगलीची कितीतरी पोरं त्यावर जगतात, हे मान्य करूनच बोलायचं. दुसऱ्या बाजूला डीडी फ्री डिश आहे, 2004 च्या डिसेंबरला सुरू झालेली, एकदा छत्री बसवली की महिन्याचा पैसा नाही. वस्तीवर, ऊसतोडीच्या खोपीजवळ जी छत्री दिसते ती बहुतेक हीच. गंमत म्हणजे तिच्यावर जागा मिळावी म्हणून खाजगी चॅनेलच लिलावात पैसे मोजतात. म्हणजे सार्वजनिक रस्ता आणि त्यावर खाजगी दुकानं, हे दोन्ही एकत्र नांदतंय, कुणी मेलं नाही. क्रिकेटचंही तसंच, 2007 च्या जानेवारीत वेस्ट इंडिजच्या मॅचवरनं भांडण झालं, मग कायदा आला की देशाच्या महत्त्वाच्या मॅचचा सिग्नल प्रसार भारतीला द्यायचा. पूर्ण खाजगी असतं तर वस्तीवरच्या पोरानं ती मॅच बघितलीच नसती.

एक गोष्ट मात्र सरकारची मला अजिबात पटत नाही. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. आकाशवाणीची बातमी आहे तशी लावा, फार तर वाहतूक, हवामान सांगा. टीव्हीवर शेकडो न्यूज चॅनेल चालतात, मोबाइलवर कुणीही काहीही बोलतंय, आणि सांगलीच्या एफएमवरच्या पोरीनं महापालिकेच्या सभेत काय झालं हे सांगायचं नाही? मग ती काय करणार, गाणी लावणार आणि गप्पा मारणार, आणि आपण परत म्हणायचं की खाजगी रेडिओ उथळ आहे. कम्युनिटी रेडिओला पण हीच बंदी. ही उठली पाहिजे, हे तू ठणकावून सांग.

कम्युनिटी रेडिओचं नाव निघालं म्हणून, हा तिसरा रस्ता स्पर्धेत कुणी काढत नाही, तू काढ. 2006 पासून संस्थांना परवानगी मिळाली, ट्रान्समीटर 100 वॅटचा, दहा-पंधरा किलोमीटर जातो. आपल्या शेजारी म्हसवडला माणदेशी तरंग आहे, 90.4 वर, माणसारख्या दुष्काळी तालुक्यात, बायका स्वतः बोलतात. आणि ज्या जतच्या नकाशावर टाचणी नव्हती त्याच तालुक्यात जालिहाळला येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीची येरळावाणी आहे. मराठी-कन्नड दोन्ही बोलणारा पट्टा तो, मुंबईच्या मराठीतनं केलेला कार्यक्रम तिथं निम्म्या घरात उतरतच नाही. मालक ना मंत्रालय ना कंपनी, गावाजवळची संस्था. अडचण पैशाची आहे, जाहिरातीच्या मिनिटांवर मर्यादा, रेट सरकारी, आणि स्टेशन चालवणारी पोरं दोन-तीन वर्षांत पुण्याला नोकरीला जातात. पण प्रश्न सार्वजनिक का खाजगी एवढाच असता तर या दोन्ही स्टेशनांना कुठल्याच खान्यात जागा नसती.

राहिला पैसा. प्रसार भारतीला वर्षाला अडीच-तीन हजार कोटी सरकारकडनं जातात. आकडा ऐकला की डोळे फिरतात, पण 140 कोटी माणसांनी भाग, डोक्यामागं वर्षाला 18 ते 21 रुपये येतात, म्हणजे दोन चहा. केबलचं नुसतं बेसिक पॅक 2019 ला टॅक्स धरून महिन्याला 153 होतं, म्हणजे वर्षाला घरटी 1836. आपण पैसे देतोच, कुठल्या खिशातनं देतो एवढाच फरक. माझं म्हणणं, हा पैसा पाच-पाच वर्षांसाठी कायद्यानं बांधून टाकावा, दर बजेटला मंत्रालयाच्या दारात जायला लागू नये. ब्रिटनमध्ये घराघरातनं लायसन्स फी घेतात, जर्मनीत दर घराला महिन्याला 18.36 युरो, पैसा दर वर्षी सरकारच्या बजेटमधनं मागावा लागत नाही म्हणून तिथले बातमीवाले सरकारला नडू शकतात. उलट अमेरिकेत बघ, 2025 च्या जुलैत तिथल्या संसदेनं सार्वजनिक प्रसारणाचे 110 कोटी डॉलर एका झटक्यात काढून घेतले आणि 1967 पासूनची कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग बंद करायची वेळ आली. आपल्याकडं घराघरातनं फी गोळा करणं अवघड आहे हे मला कळतं, पूर्वी पोस्टात रेडिओचं लायसन्स भरायला लागायचं ते गेलं ते बरंच झालं, गरिबाला तो भुर्दंडच होता. पण बांधून दिलेला निधी जमण्यासारखा आहे. आणि जिल्ह्याच्या केंद्राला दिवसातले तासाचे तास स्वतःचे पाहिजेत, स्वतःची कायमची माणसं पाहिजेत. 2023 च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक बातम्यांचा विभाग हलवायचा निर्णय निघाला होता, लोकांनी ओरड केली तेव्हा तो थांबला. दिल्लीत बसून अशी केंद्रं बंद करणं एका सहीचं काम असतं, म्हणून ती सही सोपी राहता कामा नये.

तुझी टीम जर "पूर्ण खाजगी" च्या बाजूनं निघाली तर मी काही मदत करू शकणार नाही, दुसरं कुणी बघ. "सार्वजनिक" च्या बाजूनं असशील तर या रविवारी घरी ये, स्पूलवरनं कॅसेटवर उतरवून घेतलेलं ते कसबे डिग्रजचं रेकॉर्डिंग माझ्याकडं अजून आहे. ती सहा-सात सेकंदं तू स्पर्धेत मोबाइलवरनं ऐकवून दाखव, आणि मग बोलायला लाग.